शिकागोच्या मैदानावरील दिव्यांचा वाद

एका जुन्या मैदानावर विजेचे दिवे लावावेत कीं लावूं नयेत, एवढ्याच प्रश्नावर एखादें मोठें शहर वर्षानुवर्षें भांडत राहावें, राज्याच्या कायदेमंडळानें त्यावर कायदा करावा, प्रकरण वरिष्ठ न्यायालयापर्यंत जावें, आणि अखेर नगरसभेंत त्यासाठीं मतें मोजलीं जावींत, हें ऐकून आमच्या कांहीं वाचकांना हंसूं येईल. दिवा ही वस्तु आपल्याकडे मंगल मानली आहे. तिन्हीसांजेला देवापाशीं दिवा लागला कीं घरांतील लहानथोर हात जोडतात. तेव्हां दिव्याला विरोध करणारे लोक विक्षिप्तच असले पाहिजेत, असें प्रथमदर्शनीं वाटणें साहजिक आहे. परंतु अमेरिकेंतील शिकागो शहरांत १९८२ ते १९८८ या काळांत गाजलेला हा वाद जों जों आम्ही पाहूं लागलों, तों तों त्यांतील विक्षिप्तपणा कमी होऊन आपल्या ओळखीचीं सुखदुःखेंच अधिक दिसूं लागलीं. म्हणून ती हकीकत येथें थोड्या विस्तारानें देत आहों.

शिकागोच्या उत्तर भागांत, मिशिगन सरोवरापासून थोड्याच अंतरावर, लेकव्ह्यू नांवाची वस्ती आहे. तेथें १९१४ सालीं चार्ल्स वीगमन नांवाच्या एका उपाहारगृहांच्या मालकानें बेसबॉलसाठीं मैदान बांधलें. १९१६ पासून तें कब्स नांवाच्या संघाचें घर झालें. कब्स म्हणजे अस्वलाचे बछडे. पुढें या संघाची मालकी च्युइंग गमच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या रिग्ली घराण्याकडे आली, आणि मैदानास रिग्ली फील्ड हें नांव पडलें. आपल्या मनांत क्रीडांगण म्हटलें कीं गांवाबाहेरचें मोकळें माळरान येतें. हें मैदान तसें नाहीं. चारी बाजूंना चार रस्ते, आणि रस्ता ओलांडला कीं विटांचीं दुमजली-तिमजली राहतीं घरें. पूर्वीं या घरांतील मंडळी आपल्या गच्चीवर खुर्च्या टाकून फुकट सामना पाहत असत. मैदानाच्या भिंतीवर १९३७ सालीं आयव्हीचा वेल चढविला, तो अजून आहे. त्याच सालचा धावफलकही आहे. त्यावरील आंकडे आंत बसलेलीं माणसें हातानें बदलतात. सामना संपला कीं फलकावर निशाण चढतें. जिंकल्याचें पांढरें, हरल्याचें निळें. रस्त्यावरील उंच पुलावरून जाणाऱ्या आगगाडींत बसलेला कारकून घरीं जातां जातां त्या निशाणाकडे पाहून निकाल समजून घेतो.

बेसबॉल हा खेळ आमच्या बहुतेक वाचकांना नांवानेंच ठाऊक असेल. तो क्रिकेटचा चुलतभाऊ समजावा. सामना सुमारें तीन तासांत आटोपतो. पण सामन्यांची संख्या ऐकून आपण चकित होऊं. एका संघाला वर्षाकाठीं १६२ सामने खेळावे लागतात आणि त्यांतील ८१ घरच्या मैदानावर. एप्रिलपासून सप्टेंबर अखेरपर्यंत हा क्रम जवळजवळ रोजचा. आपल्या शहरीं कसोटी सामना यावयाचा तर तो वर्षांतून एखादा. त्याची गर्दी पाहुण्यासारखी सोसतां येते. लेकव्ह्यूमधील रहिवाशाच्या दारीं ही गर्दी सहा महिन्यांत एक्याऐशीं वेळां येते. हा आंकडा ध्यानांत ठेवल्याशिवाय पुढील वाद नीट समजणार नाहीं.

दिव्यांखालीं बेसबॉल खेळण्याची चाल खरी रुजली ती १९३० सालीं, मंदीच्या दिवसांत. लहान गांवांतील संघ बुडूं लागले होते. दिवसा खेळ ठेवावा तर कामावर जाणारा माणूस येणार कसा? म्हणून कॅन्सस राज्यांतील इंडिपेंडन्स या गांवीं आणि आयोवा राज्यांतील डेमॉईन येथें त्या वर्षीं रात्रीं सामने झाले. कृष्णवर्णीय खेळाडूंना गोऱ्यांच्या संघांत तेव्हां मज्जाव असे. त्यांच्यापैकीं कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघानें तर त्याच साली मोटारींवर दिव्यांचे खांब आणि वीज निर्माण करणारें यंत्र लादून गांवोगांव फिरण्यास आरंभ केला. नव्या गोष्टी पुष्कळदां गरजवंतांच्याच घरीं जन्मतात. वरिष्ठ श्रेणीचे संघ मात्र नाक मुरडीत होते. अखेर २४ मे १९३५ रोजीं सिनसिनाटी येथें ६३२ दिव्यांच्या प्रकाशांत त्यांचाही पहिला रात्रीचा सामना झाला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं वॉशिंग्टनमध्यें बसून कळ दाबली आणि शेंकडों मैलांवरचें मैदान उजळलें.

यानंतर एकामागून एक मैदानें उजळत गेलीं. कब्सचे मालक फिलिप रिग्ली यांनींही १९४१ सालीं दिव्यांसाठीं पोलाद व इतर सामान आणून ठेवलें होतें. इतक्यांत ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. दुसऱ्याच दिवशीं रिग्ली यांनीं तें सारें सामान युद्धकार्यास देऊन टाकलें. युद्ध संपल्यावर पुन्हां तें मागवितां आलें असतें. पण तोंवर त्यांचें मन बदललें होतें. बेसबॉल हा उन्हांतला खेळ आहे, आणि रात्रीच्या सामन्यांनीं सभोंवतालच्या वस्तीस उपद्रव होईल, असें त्यांचें मत झालें. १९४८ सालीं डेट्रॉइटनें दिवे लावल्यावर वरिष्ठ श्रेणींत अंधारांत राहिलेलें मैदान हें एकटेंच उरलें.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. या मैदानावर रात्रीं प्रथम खेळल्या त्या स्त्रिया. युद्धामुळें पुरुष खेळाडू सैन्यांत जाऊं लागले तेव्हां रिग्ली यांनींच १९४३ सालीं स्त्रियांचे बेसबॉल संघ उभे केले, आणि त्या वर्षीं १ जुलैच्या रात्रीं तात्पुरते दिवे उभारून त्यांचा सामना येथें झाला. पुरुष संघाच्या पहिल्या रात्रीच्या सामन्याची मोठी कीर्ति झाली. स्त्रियांचा हा सामना पंचेचाळीस वर्षें आधींचा असूनही फारसा कोणाच्या ध्यानांत नसतो.

रिग्ली यांच्या हट्टापुढें सर्वच मान तुकवीत होते असें नाहीं. संघाच्या एका लहान भागधारकानें न्यायालयांत फिर्याद केली. त्याचें म्हणणें असें, कीं संघ वर्षानुवर्षें तोट्यांत आहे. १९६६ सालीं वरिष्ठ श्रेणीच्या १६२० सामन्यांपैकीं ९३२ रात्रीं झाले. असें असतां केवळ मालकाच्या आवडीपायीं आम्हीं नुकसान कां सोसावें? १९६८ सालीं न्यायालयानें फिर्याद फेटाळली. सभोंवतालच्या वस्तीवर काय परिणाम होईल याचा विचार करणें हें संचालकांच्या कर्तव्याबाहेरचें नाहीं, वस्ती बिघडली तर पुढें मैदानाचीही किंमत उतरेल, आणि संचालकांची लबाडी दिसत नसतां त्यांच्या व्यवहारबुद्धींत न्यायालयानें हात घालूं नये, असा त्या निकालाचा आशय होता. अमेरिकेंतील विधिमहाविद्यालयांत हा निकाल आजही विद्यार्थ्यांस शिकविला जातो. कंपनीचा मालक आणि कंपनीचा शेजारी यांचा संबंध काय, हा प्रश्न एका खेळाच्या मैदानावरून इतक्या स्पष्टपणें पुढें यावा, ही आम्हांस मोठी मौजेची गोष्ट वाटते.

फिलिप रिग्ली १९७७ सालीं वारले. चार वर्षांनीं, १९८१ मध्यें, त्यांच्या कुटुंबानें संघ ट्रिब्यून कंपनीस विकला. ही कंपनी वर्तमानपत्र, रेडिओ आणि टेलिव्हिजन चालविणारी. तिच्या हिशेबीं रात्रीचा सामना म्हणजे कामावरून घरीं आलेल्या कोट्यवधि प्रेक्षकांचे डोळे. नवे मालक दिव्यांची भाषा बोलूं लागले, आणि आजवर एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून असलेला अंधार आपला आपणच राखला पाहिजे हें रहिवाशांच्या ध्यानीं आलें.

त्यांनीं एक मंडळ काढलें. त्याचें नांव ‘सूर्यप्रकाशांतील बेसबॉलसाठीं एकवटलेले नागरिक’ असें होतें. इंग्रजींत त्याचीं आद्याक्षरें जोडलीं कीं ‘कब्स’ हेंच नांव होतें. यावरून हे लोक खेळाचे वैरी नव्हते, हें उघड आहे. त्यांच्यापैकीं पुष्कळजण संघाचे निस्सीम भक्त होते. त्यांची तक्रार दिव्याच्या झोतापुरती नव्हतीच. ताशीं नव्वद मैलांच्या आसपास येणारा चेंडू खेळाडूस दिसावा म्हणून चारी दिशांनीं, उंचावरून, सावली न पडेल असा प्रकाश लागतो, आणि तो समोरच्या शेजघरांत शिरणार हें खरेंच. पण त्यास पडदा लावतां येतो. सामना सुटल्यावर तीस-चाळीस हजार माणसें अरुंद रस्त्यांवर येतात, त्यांस पडदा कोठून लावावा? मैदानास वाहनतळ जवळजवळ नाहींच. मोटारी उभ्या राहावयाच्या त्या लोकांच्या दारांत. बियरचा पूर वाहिलेला. घशाच्या शिरा ताणून ओरडणें, बागेच्या कुंपणाशीं नको तें करणें, मध्यरात्रीपर्यंत भोंगे वाजविणें. हें सर्व दुपारींही होतच असे. परंतु दुपारीं चारला झालेला गोंगाट आणि रात्रीं अकराला झालेला गोंगाट यांत किती अंतर आहे, हें ज्या घरांत तान्हें मूल आहे, आजारी म्हातारें माणूस आहे, किंवा परीक्षेला बसणारा मुलगा आहे, त्या घरास वेगळें सांगावें लागत नाहीं. ज्यांच्या वाड्याशेजारीं मंगल कार्यालय आहे, ते आमचे वाचक तर एव्हांना मान डोलावूं लागले असतील.

रहिवाशांचें म्हणणें कायदेमंडळानें ऐकलें. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत, जेथें १ जुलै १९८२ पूर्वीं रात्रीचे सामने होत नव्हते, अशा मैदानास गोंगाटाच्या नियमांतून सूट मिळूं नये, अशी तरतूद इलिनॉय राज्यानें केली. नांव कोणाचेंच नव्हतें; पण असें मैदान राज्यांत एकच होतें. पुढील वर्षीं शिकागोच्या नगरसभेनेंही तसाच बंदीचा नियम केला. संघानें न्यायालयांत दाद मागितली, आणि १९८५ सालीं खालच्या न्यायालयानें व नंतर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेंही रहिवाशांची बाजू उचलून धरली.

कायद्याच्या दृष्टीनें प्रश्न संपला. व्यवहाराच्या दृष्टीनें तो येथेंच सुरू झाला. १९८४ सालीं कब्स संघ अनेक वर्षांनीं अंतिम फेरीच्या उंबरठ्यापर्यंत आला. अंतिम फेरीचे सामने रात्रीं दाखविण्याचे करार टेलिव्हिजन कंपन्यांनीं केलेले. मैदानास दिवे नाहींत म्हणून सामन्यांचा क्रमच बदलण्याचें घाटलें. संघ उंबरठ्यावरच हरला आणि तो प्रसंग टळला. पण पुढें असा योग आला तर तुमचे सामने दुसऱ्या शहरीं खेळविले जातील, अशी स्पष्ट समज खेळाच्या मुख्य अधिकाऱ्यानें दिली. मग संघाचे चालक उपनगरांत नवें मैदान बांधून निघून जाण्याची गोष्ट बोलूं लागले.

या धमकीनें वस्तींतील पुष्कळांचें पाणी जोखलें गेलें. ज्या मैदानाचा त्रास होतो त्याच मैदानामुळें उपाहारगृहें चालतात, भाडीं येतात, वस्तीला नांव आहे. मैदान गेलें आणि ओसाड पडलें, तर मिळणारी शांतता ती कोणत्या कामाची? शिवाय दिवे मागणारांच्या बाजूस एक मुद्दा असा होता, कीं त्यास रहिवाशांपाशीं चांगलें उत्तर नव्हतें. दुपारीं एकच्या सामन्यास येऊं शकतो कोण? शाळेची सुटी असलेलीं मुलें, निवृत्त माणसें, रात्रपाळीचे कामगार आणि ज्यांस कचेरींतून दांडी मारणें परवडतें असे लोक. दिवसभर गिरणींत राबणाऱ्या बापानें आपल्या मुलाचा हात धरून सामना पाहावयाचा तो केव्हां? उन्हांतल्या बेसबॉलचें काव्य आम्हांसही मोहक वाटतें. परंतु तें काव्य थोडेंसें फुरसतीच्या लोकांचें होतें, हें कबूल केलें पाहिजे. अर्थात् कामगाराची ही कड घेणारे मालक त्याच्यासाठीं कळवळत होते कीं टेलिव्हिजनच्या जाहिरातींसाठीं, हेंही कोणापासून लपून नव्हतें.

तडजोडीचा मार्ग काढण्याचें बरेंचसें श्रेय महापौर हॅरोल्ड वॉशिंग्टन यांस द्यावें लागेल. हे शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. दिवे असावेत, परंतु मोजके, अशा तोडग्याकडे त्यांचा कल झाला होता. तो सिद्धीस गेलेला पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. २५ नोव्हेंबर १९८७ रोजीं ते अकस्मात् वारले. तीन महिन्यांनीं, २५ फेब्रुवारी १९८८ रोजीं, नगरसभेनें २९ विरुद्ध १९ मतांनीं बंदी उठविली. त्या वर्षीं रात्रीचे आठ सामने, आणि पुढें २००२ पर्यंत प्रतिवर्षीं अठरा. सामन्याच्या रात्रीं ठराविक रस्त्यांवर फक्त रहिवाशांच्याच मोटारी उभ्या राहाव्यात, आणि मद्यविक्री ठराविक वेळीं थांबावी, अशीं बंधनेंही बरोबर आलीं.

पहिल्या सामन्यास ८ ऑगस्ट १९८८ हा दिवस निवडला. ९१ वर्षांच्या एका जुन्या प्रेक्षकाच्या हस्ते कळ दाबली गेली, छपरावरील दिव्यांच्या सहा रांगा उजळल्या, एकोणचाळीस हजार लोकांनीं जयघोष केला, आणि साडेतीन डाव होतात न होतात तोंच असा पाऊस कोसळला कीं सामना रद्द झाला व धावा नोंदवहींतून पुसल्या गेल्या. देवालाच हे दिवे मंजूर नाहींत, अशी थट्टा मग बरेच दिवस चालली. पहिला पुरा सामना दुसऱ्या रात्रीं झाला. कब्स न्यूयॉर्कच्या मेट्स संघाविरुद्ध ६-४ असे जिंकले.

आमच्या मतें या साऱ्या प्रकरणांतील मोलाची गोष्ट म्हणजे ‘अठरा’ हा आंकडा. दिवे लागले म्हणून रहिवासी हरले असें पुष्कळांनीं लिहिलें आहे. तें आम्हांस पटत नाहीं. १९८१ पर्यंत या मैदानावरील रात्र मालकाची होती; त्यानें हट्टानें अंधार ठेवला, पण उद्यां त्याच्या मनांत आलें असतें तर एक्याऐशीं रात्रीं दिवे लागले असते. १९८८ नंतर किती रात्रीं दिवे लागावयाचे हें मालकानें नव्हे, नगरसभेनें ठरवावयाचें झालें. प्रत्येक वाढीव रात्रीसाठीं संघास नगरसभेच्या दारीं यावें लागतें, आणि तेथें वस्तीचा प्रतिनिधि बसलेला असतो. रात्रींची मोजदाद करण्याची ही युक्ति आपल्याकडेही अपरिचित नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ध्वनिक्षेपकास बंदी केली, आणि सणावारीं मध्यरात्रीपर्यंत सूट द्यावयाची ती सरकारनें वर्षांतून पंधरा दिवसांपलीकडे देऊं नये, असें पुढें ठरलें. दादरच्या शिवाजी पार्कभोंवतालच्या रहिवाशांनीं गोंगाटाविरुद्ध दाद मागितल्यावर मुंबईच्या उच्च न्यायालयानें २०१० सालीं तें मैदान शांतता क्षेत्र ठरविलें, त्या वेळींही कोणते दिवस वगळावयाचे यावरच खरी ओढाताण झाली. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसणाऱ्या पेन्शनरास लेकव्ह्यूमधील म्हाताऱ्याची भाषा येत नसेल, पण हिशेब दोघांचा एकच आहे.

हिशेब मात्र कायम राहत नसतो. भटाला दिली ओसरी आणि भट हळूहळू पाय पसरी, ही म्हण आपल्याच लोकांवर बेतलेली असल्यामुळें तिचा अर्थ आपणांस कोणी समजावून द्यावयास नको. २००२ सालीं ठरलेली मुदत सरली. दिवे ठेवावेत कीं काय, किती रात्री ठेवावेत, याचा खल पुन्हां झाला, आणि २००४ सालीं आंकडा टप्प्याटप्प्यानें तीसपर्यंत नेण्याचें ठरलें. २०१३ सालीं तो चाळीसच्या घरांत गेला. दरम्यानच्या काळांत वस्तीही बदलली होती. १९८२ सालीं सह्या गोळा करणाऱ्या पिढींतील पुष्कळजण घरें विकून गेले. नवे बिऱ्हाडकरू मैदान जवळ आहे म्हणूनच अधिक भाडें देऊन आले. ज्या गच्च्यांवर घरचीं माणसें खुर्च्या टाकीत, तेथें तिकिटें लावून बाक मांडले गेले. २००४ मध्यें नगरानें या मैदानास संरक्षित वास्तु ठरविलें, आणि २०२० सालीं तें राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालें. १९८८ सालीं ज्या दिव्यांना विद्रूप म्हणून विरोध झाला, ते आज छायाचित्रांत वेलीच्या व धावफलकाच्या जोडीनें अगदीं पुरातन असल्यासारखे दिसतात.

२०१६ सालीं या संघानें १०८ वर्षांनंतर विजेतेपद मिळविलें. त्या अंतिम फेरींतील तीन सामने रिग्लीवर झाले, तिन्ही रात्रीं, दिव्यांच्या प्रकाशांत. ज्यासाठीं १९८४ पासून एवढा आटापिटा झाला होता तो योग अखेर आला, आणि त्या तिहींपैकीं दोन सामने कब्स हरले. विजयाचा सामना क्लीव्हलंडच्या मैदानावर झाला.

शुक्रवारच्या व शनिवारच्या रात्रीं मात्र वस्तीनें सहजासहजीं सोडलेल्या नाहींत. आठवड्याच्या अखेरीस दारूची गर्दी आधींच फार, तींत सामन्याची भर नको, म्हणून या दोन रात्रींवर नगरसभेनें अधिक कडक मर्यादा ठेवली. त्यामुळें रिग्लीवरील बहुतेक शुक्रवारचे सामने अजून दुपारीं १ वाजून २० मिनिटांनीं सुरू होतात. त्या दिवशीं दिव्यांच्या सहाही रांगा छपरावर तशाच विझलेल्या उभ्या असतात, आणि चार वाजावयाच्या सुमारास त्याच छपराची सावली गवतावरून हळूहळू पुढें सरकूं लागते.